'लक्ष' कोणाचे? : वर्गातील सम्यक स्मृतीची चिकित्सा

मराठी शाळेत शिक्षकाच्या तोंडून सर्वाधिक वेळा बाहेर पडणारे वाक्य कोणते, असे विचारले तर 'लक्ष कुठे आहे तुझे?' हेच उत्तर द्यावे लागेल. हा प्रश्न नेहमी एकाच दिशेने जातो. तो शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे जातो. त्या क्षणी शिक्षकाचे स्वतःचे लक्ष कुठे आहे, हे विचारणारे वर्गात कोणीच नसते. तथागतांनी उपदेशिलेल्या आर्य अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग, म्हणजे सम्यक स्मृती, हा प्रश्न उलट फिरवून प्रथम शिक्षकाला विचारते. गेल्या काही वर्षांत शाळाशाळांतून 'सजगता', 'ध्यान', 'आनापान' हे शब्द ऐकू येऊ लागले आहेत. त्यांचे स्वागत करतानाच त्यांची चिकित्सा करणे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांचे कर्तव्य आहे, कारण चिकित्सेवाचून स्वीकारणे हा बुद्धाचा मार्ग नव्हे आणि बाबासाहेबांचाही नव्हे.

प्रथम शब्दाकडे पाहू. पाली भाषेतील 'सति' म्हणजे संस्कृतातील 'स्मृती'. या शब्दात जागरूकता आहे, तसेच स्मरणही आहे. काय कुशल आहे, काय अकुशल आहे, याची आठवण ऐन प्रसंगी जागी असणे म्हणजे सति. १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी आपल्या सुत्तांच्या भाषांतरात 'माइंडफुलनेस' हा शब्द योजला आणि पुढे इंग्रजीत तोच रूढ झाला. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत जॉन कबाट-झिन यांनी ताणतणाव कमी करण्यासाठी या साधनेचा उपयोग सुरू केला. रुग्णालयातून ती कचेऱ्यांत गेली, तेथून शाळांत गेली, आणि आता 'सजगता' हे नवे नाव घेऊन ती आपल्या देशात परत येत आहे. या प्रवासात शब्दातला स्मरणाचा अर्थ बराचसा गळून पडला. उरली ती केवळ चालू क्षणाची, कोणताही निवाडा न करणारी जाणीव. वर्गाच्या संदर्भात हा फरक फार महत्त्वाचा आहे.

मित्र उपक्रम : हेतू आणि व्यवहार

ठाणे, कल्याण, डोंबिवली हा परिसर धम्माला परका नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणहून आलेल्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी या बंदरातील व्यापारी भिक्खुसंघासाठी लेणी आणि पाण्याची टाकी दान देत होते. आज त्याच कल्याण तालुक्यात टिटवाळ्याजवळ रुंदे येथे 'धम्मवाहिनी' हे विपश्यना केंद्र आहे. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली येथील वस्त्यांतून विहारे उभी आहेत आणि त्या विहारांत रविवारी वंदनेला बसणाऱ्यांत महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक-शिक्षिका आहेत. म्हणून वर्गातील स्मृतीसाधनेचा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही. सोमवारी सकाळी तो त्यांच्याबरोबर शाळेत जातो.

सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली मुंबईत भारतातील आपले पहिले विपश्यना शिबिर घेतले. १९७६ साली इगतपुरीत धम्मगिरी सुरू झाली. पुढे २०१२ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने 'मित्र उपक्रम' हाती घेतला. विद्यार्थ्यांनी शाळेत दररोज सुमारे दहा मिनिटे स्वाभाविक श्वासाकडे लक्ष द्यावे, ही या उपक्रमाची मुख्य कल्पना. यात मंत्र नाही, मूर्ती नाही, कोणाचा जयजयकार नाही. शासनाच्या निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने मनाई केली आहे, त्या कसोटीवर श्वासाचे निरीक्षण टिकते, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. हे म्हणणे योग्य आहे. शिवाय शिक्षकांनी प्रथम स्वतः शिबिरात बसावे, ही अपेक्षाही उपक्रमाच्या मुळाशी आहे. त्यामागचा हेतू शुद्ध आहे याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

आपला आक्षेप हेतूवर नाही. हेतू व्यवहारात उतरताना जो संकोच होतो, त्यावर आहे. आपल्या शाळेत शिस्तीचे एक जुने सूत्र आहे : हाताची घडी, तोंडावर बोट. साठ मुलांच्या वर्गात दमलेल्या शिक्षकाच्या हाती आनापान आले की त्याचे रूपांतर या सूत्राच्या सुधारित आवृत्तीत होण्याचा धोका असतो. मुलांनी डोळे मिटायचे, शिक्षकाने उघडे ठेवायचे आणि कोण हलते यावर नजर ठेवायची. वर्ग शांत झाला की साधना यशस्वी ठरली असे मानायचे. दहा मिनिटे संपताच तोच आवाज, तेच टोमणे, तीच पहिल्या दोन बाकांवर खिळलेली नजर. श्वासाला जात नसते हे खरे आहे, पण वर्गातील बाकांना ती असू शकते, आणि डोळे मिटून ती दिसत नाही.

बाबासाहेबांनी केलेला भेद

या ठिकाणी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा आधार घेतला पाहिजे. अष्टांगिक मार्गाचे विवरण करताना बाबासाहेब समाधी आणि सम्यक समाधी यांत स्पष्ट भेद करतात. केवळ समाधी म्हणजे चित्ताची एकाग्रता. तिच्यामुळे लोभ, द्वेष, आळस, संशय, चंचलता ही पाच नीवरणे काही काळ थांबतात, परंतु हे थांबणे तात्पुरते असते. सम्यक समाधी त्याहून वेगळी आहे. ती एकाग्र चित्ताला कुशलाचा विचार करण्याची सवय लावते आणि मनाला कायमचे वळण देते. सम्यक स्मृतीचा अर्थही ते मनाची अखंड जागृती असाच करतात. दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेला तो पहारा आहे.

हा भेद वर्गाला लावून पाहावा. दहा मिनिटांची शांतता म्हणजे नीवरणांची तात्पुरती स्थगिती. ती निरुपयोगी नाही. डोंबिवलीहून उभ्याने लोकल पकडून, रिक्षा-बस बदलून शाळेत पोहोचलेल्या शिक्षिकेला आणि चाळीतल्या एका खोलीत पाच भावंडांत झोपून उठलेल्या मुलाला दोघांनाही ती हवी आहे. परंतु येथेच थांबले तर बाबासाहेबांच्या दृष्टीने काम अर्धेच झाले. कारण त्यांच्या मते धम्माचे प्रयोजन जगाची पुनर्रचना करणे हे आहे, आणि शिक्षकाच्या हाती असलेले जग म्हणजे त्याचा वर्ग.

आपल्या चळवळीत याच्या उलट टोकाचे मतही आहे. ध्यान ही पळवाट आहे, ते कार्यकर्त्याला निष्क्रिय करते, बाबासाहेबांनी संघर्ष सांगितला, श्वास सांगितला नाही, असे काही बांधव म्हणतात. त्यांच्या शंकेत तथ्यांश आहे, कारण अन्याय दिसत असताना 'मी समताभावाने पाहतो आहे' असे म्हणून स्वस्थ बसणारे साधक आढळतात. परंतु म्हणून स्मृतीच टाकून देणे म्हणजे अष्टांगिक मार्गाचे एक अंग तोडणे होय. बाबासाहेबांनी ते तोडले नाही. त्यांनी ते शीलाशी आणि करुणेशी जोडून दाखविले. केवळ विद्या पुरेशी नाही, प्रज्ञा हवी, प्रज्ञेबरोबर शील हवे आणि शीलाबरोबर करुणा हवी, अशी ती साखळी आहे. स्मृती या साखळीतून सुटली की तिचे केवळ तंत्र होते, आणि तंत्र चोराच्याही उपयोगी पडते.

'बहिद्धा' : दुर्लक्षिलेला शब्द

कुरू देशातील कम्मासधम्म या निगमात उपदेशिलेल्या सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार स्मृतिप्रस्थानांचे विवरण आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक गोष्ट पुनःपुन्हा येते. साधकाने आत पाहावे, बाहेर पाहावे, आणि आत-बाहेर दोन्ही पाहावे. पालीत 'अज्झत्त' आणि 'बहिद्धा' असे शब्द आहेत. अट्ठकथा 'बहिद्धा'चा अर्थ दुसऱ्याची काया, दुसऱ्याची वेदना, दुसऱ्याचे चित्त असा लावते. आजच्या शालेय सजगतेच्या साहित्यात 'अज्झत्त'वर इतका भर आहे की 'बहिद्धा' जवळजवळ नाहीसा झाला आहे. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र तोच महत्त्वाचा. मुलाची वेदना मुलाने ओळखावी हे ठीकच आहे, पण ती शिक्षकाने ओळखावी यासाठी तर त्याला वर्गात नेमले आहे.

केवळ आत्मशुद्धी झाली म्हणजे हे बाहेरचे पाहणे आपोआप साधते, असा समज आहे. बौद्ध परंपरेतील एक प्रसिद्ध कथा तो समज खोडून काढते. महापंथक आणि चुल्लपंथक हे दोघे भाऊ. थोरला अर्हतपदाला पोहोचलेला. त्याने धाकट्याला एक गाथा पाठ करायला दिली. चार महिन्यांत धाकट्याला ती पाठ झाली नाही. तेव्हा महापंथकाने त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. जीवकाने भिक्खूंना भोजनाचे निमंत्रण दिले, त्या यादीतही त्याचे नाव घेतले नाही. दारात रडत उभ्या असलेल्या चुल्लपंथकाला तथागत भेटले. त्यांनी त्याला दुसरी गाथा दिली नाही. एक स्वच्छ वस्त्र हाती दिले आणि ते चोळत राहण्यास सांगितले. हाताच्या स्पर्शाने वस्त्र मळले, आणि त्या मळण्यातून चुल्लपंथकाला अनित्यता उमगली.

या कथेचे निरूपण बहुधा चुल्लपंथकाच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून केले जाते. शिक्षकाने ती महापंथकाकडे पाहत वाचावी. येथे अपयशी ठरलेला गुरू क्रोधी नव्हता, लोभी नव्हता, अज्ञानीही नव्हता. परंपरा त्याला क्लेशमुक्त म्हणते. तरीही त्याला आपल्या भावाचे चित्त दिसले नाही. पाठांतर हा शिकण्याचा एकच मार्ग त्याच्यासमोर होता, आणि त्या मार्गाने न येणारा विद्यार्थी त्याने यादीतून वगळला. तथागतांनी मात्र विद्यार्थी बदलला नाही, पद्धत बदलली. स्वतःचे मन शांत असणे आणि समोरच्याचे मन दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

धम्मपद अट्ठकथेतील आळवीची कथाही अशीच आहे. तथागत उपदेशाला आले असता एक गरीब शेतकरी आपला हरवलेला बैल शोधायला रानात गेला होता. तथागत त्याची वाट पाहत थांबले. तो उपाशीपोटी धावत आला तेव्हा त्यांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि मगच उपदेश केला. ज्या शाळेत पोषण आहाराची खिचडी हेच अनेक मुलांचे दिवसातले पहिले जेवण असते, तेथील शिक्षकाला या कथेचे भाष्य करून सांगण्याची गरज नाही.

पाहणारा शिक्षक आणि न पाहणारा

बाबासाहेबांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत या दोन्ही प्रकारांचे दाखले मिळतात. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एकदा गणित सोडविण्यासाठी शिक्षकांनी त्यांना फळ्याकडे बोलाविले. फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. विटाळाच्या भीतीने मुलांनी धावत जाऊन ते डबे हलविले, मगच छोट्या भीमरावांना फळ्यापर्यंत जाता आले. ही घटना घडताना वर्गात शिक्षक उपस्थित होते. त्यांच्यासमोरच ती घडली. त्या दिवशी त्या वर्गात गणित शिकविले गेले, त्याबरोबर विषमताही शिकविली गेली, आणि दुसरा धडा अधिक पक्का झाला.

त्याच काळात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या दृष्टीस पडला. तो त्यांच्या शाळेचा विद्यार्थी नव्हता. त्याच्याकडे पाहण्याची कोणतीही सक्ती त्यांच्यावर नव्हती. तरी त्यांनी विचारपूस केली, पुस्तके दिली, मॅट्रिक उत्तीर्ण झाल्यावर झालेल्या सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले, आणि पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याचे नाव पोहोचविण्यास साहाय्य केले. केळुसकर त्या बागेत आनापान करीत नव्हते. परंतु बाहेर पाहणे, लक्षात ठेवणे आणि त्यानुसार कृती करणे, ही स्मृतीची सारी लक्षणे त्यांच्या वागण्यात दिसतात. एका शिक्षकाच्या लक्षाची किंमत किती असू शकते, हे १४ ऑक्टोबर १९५६ ने दाखवून दिले.

परदेशातील अनुभव

स्मृती आधी शिक्षकाची, हा आग्रह केवळ श्रद्धेचा नाही. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक माध्यमिक शाळा आणि ८,००० हून अधिक विद्यार्थी यांचा समावेश असलेली 'मिरियाड' ही मोठी चाचणी झाली. २०२२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्गातील सर्व मुलांना सरसकट सजगतेचे पाठ दिल्याने, नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणाच्या तुलनेत, त्यांच्या मानसिक आरोग्यात विशेष सुधारणा आढळली नाही. बहुतेक मुलांनी घरी साधना केलीच नाही. मात्र प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांचा थकवा कमी झाला आणि शाळेचे वातावरण काहीसे सुधारले, असे दिसले. वर्षभरानंतर शिक्षकांवरचा हा परिणामही बराचसा ओसरला होता.

या निष्कर्षांतून दोन बोध घेता येतात. एक असा की साधनेचा पहिला लाभार्थी वर्गात उभा असलेला प्रौढ माणूस आहे. दुसरा असा की काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन सोडून दिले तर तो लाभ टिकत नाही. परंपरेने साधकाला संघ दिला होता, तो याच कारणासाठी. दिल्लीत २०१८ साली सुरू झालेल्या 'हॅपिनेस' अभ्यासक्रमातही रोजच्या तासिकेत सजगतेला स्थान दिले गेले. अशा सर्व उपक्रमांना एकच प्रश्न विचारला पाहिजे. शिक्षकाने केवळ सूचना वाचून दाखविल्या, की तो स्वतः त्या सूचनांखाली आला?

चार प्रस्थाने, एक तासिका

शिक्षक त्या सूचनांखाली आला तर तासिकेत काय घडेल? सतिपट्ठान सुत्ताची चौकट घेऊन हे पाहता येते.

कायानुपश्यनेच्या भागात चालणे, पुढे पाहणे, वळून पाहणे, बोलणे, गप्प राहणे या सर्व क्रिया जाणीवपूर्वक कराव्यात असे सांगितले आहे. शिक्षकाचे संपूर्ण काम या पाच क्रियांत सामावते. तासभरात आपण खिडकीकडच्या रांगेपर्यंत एकदा तरी गेलो का? वही मुलाच्या हातातून घेतली, की टेबलावर ठेवायला लावली? प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी आपण किती क्षण थांबलो, आणि सर्वांसाठी सारखेच थांबलो का? श्वासाइतकेच हेही कायेचे निरीक्षण आहे.

वेदनानुपश्यना म्हणजे सुखद, दुःखद आणि उदासीन संवेदनांची ओळख. एखाद्या मुलाने चुकीचे उत्तर दिले, तेही तिसऱ्यांदा, की शिक्षकाच्या अंगात एक अप्रिय लहर उठते. ती उठण्यात दोष नाही. ती आणि तोंडातून निघणारा शब्द यांच्यामध्ये एक बारीक फट असते. सारी साधना त्या फटीसाठी आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. हाताची छडी कायद्याने काढून घेता येते. जिभेची छडी मात्र ज्याची त्यालाच दिसावी लागते. 'तुमच्यात अभ्यासाची सवयच नसते' या वाक्यातला 'तुमच्यात' हा शब्द उच्चारण्यापूर्वी ज्याला ऐकू येतो, त्याची वेदनानुपश्यना फळाला आली.

चित्तानुपश्यनेत सद्वेष चित्ताला सद्वेष म्हणून जाणायचे असते. मतदारयादीच्या कामावरून आलेला, अहवाल मागणाऱ्या संदेशांनी त्रासलेला शिक्षक रागावलेला असणे स्वाभाविक आहे. हा राग कोठून आला हे त्याला कळले, तर तो तिसऱ्या बाकावरच्या मुलीवर निघत नाही. धम्मानुपश्यनेत नीवरणांची आणि संयोजनांची, म्हणजे मनाच्या बेड्यांची, ओळख येते. जातीचा पूर्वग्रह ही या देशातल्या मनाची सर्वांत जुनी बेडी आहे. हजेरीत आडनाव वाचताना मनात जे उमटते, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जातीचा दाखला भर वर्गात मोठ्याने मागितला जातो तेव्हा मुलाची मान जशी खाली जाते, ते पाहणे ही धम्मानुपश्यनाच आहे. आपण स्वतः बौद्ध आहोत म्हणून या बेडीतून मुक्त आहोत, असे मानू नये. आदिवासी, भटके, मुस्लिम, परप्रांतीय मजूर यांची मुले समोर असतात तेव्हा आपलीही परीक्षा असते.

येथे पाश्चात्त्य सजगतेतील 'निवाडा करू नका' या सूचनेची मर्यादा दिसते. मुलावर शिक्का मारू नये या अर्थाने ती मोलाची आहे. स्वतःच्या कृतीबद्दल मात्र निवाडा केलाच पाहिजे. अंबलट्ठिका येथे बालक राहुलाला उपदेश करताना तथागतांनी पाण्याच्या भांड्यातले उरलेले थेंबभर पाणी दाखविले, ते फेकले, भांडे उपडे केले, आणि सांगितले की कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तिचा परिणाम स्वतःवर आणि दुसऱ्यावर काय होतो हे तपासावे. हा तपास म्हणजे निवाडाच आहे. तो शिकविताना त्यांनी हाताशी असलेले भांडे वापरले, हेही शिक्षकाने लक्षात घ्यावे.

वर्गात नसलेले मूल

'बहिद्धा' स्मृती वर्गाच्या दारापाशी संपत नाही. ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर हंगामात कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे स्थलांतर करतात आणि त्यांच्या मुलांची शाळा सुटते. गैरहजेरीचा शेरा मारून त्या मुलांना विसरणे सोपे होते. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' सुरू केल्या. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांच्या पुढाकाराने 'सिग्नल शाळा' उभी राहिली. सिग्नलवर वस्तू विकणारी मुले तेथे शिकू लागली. रोज हजारो माणसे त्या नाक्यावरून जात होती आणि प्रत्येकाच्या डोळ्यांना ती मुले दिसत होती. विद्यार्थी म्हणून ती कोणालातरी दिसली, तेव्हा शाळा झाली. संस्थांच्या विचारसरणीविषयी आपले मतभेद असू शकतील, परंतु न दिसणाऱ्याला पाहण्याची ही कृती धम्माला मान्य होणारी आहे.

एक इशारा

शेवटी एका गैरवापराविषयी सावध राहिले पाहिजे. शिक्षकाच्या सजगतेचा उपयोग व्यवस्थेची जबाबदारी झाकण्यासाठी होऊ नये. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० आणि उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले आहे. रिक्त जागा भरायच्या नाहीत, नव्या शिक्षकाला शिक्षण सेवक म्हणून पहिली तीन वर्षे मानधनावर ठेवायचे, जनगणना आणि निवडणुकीची कामे लादायची, आणि त्याचा जीव मेटाकुटीला आला की त्याला दीर्घ श्वास घेण्यास सांगायचे, ही धम्माची थट्टा आहे. दुःखाचे कारण शोधून ते दूर करणे हा चार आर्यसत्यांचा क्रम आहे. कारण तसेच ठेवून केवळ दुःखाची जाणीव सौम्य करणे हा तो क्रम नव्हे. स्मृतिमान शिक्षक आपल्या वर्गासाठी दुसरा शिक्षक मागेल, संघटनेत जाईल, निवेदन देईल. त्याची शांतता त्याला हे करण्यापासून अडवीत असेल तर ती सम्यक नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना प्राथमिक शाळांतील शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातून निवडावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, असे सुचविले होते. आज आपल्या समाजातील कितीतरी स्त्री-पुरुष शिक्षक झाले आहेत. फुल्यांची अपेक्षा पुरी करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली आहे. त्यासाठी एक लहानशी साधना सुचवावीशी वाटते. तिला स्वतंत्र वेळ लागत नाही, शासनाचा आदेशही लागत नाही. शाळा सुटल्यावर, गाडी पकडण्यापूर्वी, शिक्षकाने हजेरीपत्रक उघडावे आणि एकेका नावावर बोट ठेवून आठवावे : आज या मुलाशी मी काय बोललो? काही नावांपाशी स्पष्ट आठवण येईल, काहींपाशी फक्त 'गप्प बस' आठवेल, आणि काही नावे अशी निघतील की हजेरीखेरीज ती आपण दिवसभर उच्चारलीच नाहीत. सति म्हणजे स्मरण, हा मूळ अर्थ तेथे पुन्हा जागा होतो. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न त्या नावांपैकी एकाला विचारावा.